अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

मराठीच्या प्रश्नपत्रिकेतला सर्वांत गरीब प्रश्न कोणता, असे मला कोणी विचारले तर मी 'वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' ह्या प्रश्नाकडे बोट दाखवीन. निबंधाला मान आहे. कवितेच्या रसग्रहणाला मान आहे. व्याकरणाला मान नसला तरी दरारा आहे. हा प्रश्न मात्र आपला कोपऱ्यात उभा. मुले तो सर्वांत शेवटी सोडवतात आणि आम्ही शिक्षक तो एका हातात चहाचा कप धरून तपासतो. 'कंबर कसणे – तयार होणे. रामूने अभ्यासासाठी कंबर कसली.' वर्षानुवर्षे हा रामू कंबर कसतो आहे, दाताच्या कण्या करतो आहे, आकाशपाताळ एक करतो आहे. रामू कोणत्या गावचा, त्याच्या घरी जेवायला काय असते, हे त्याला कोणी विचारीत नाही.

मी ज्या भागात शिकवते तो महाड-पोलादपूरचा. सह्याद्री इथे अगदी दाराशी येऊन उभा राहिलेला. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरकडे उतरते, महाडला गांधारीला सोबत घेते आणि बाणकोटच्या खाडीने समुद्राला मिळते. ह्या खाडीतून पूर्वी महाडपर्यंत होड्या-गलबते येत आणि घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन खाली उतरत. 'गाढव मेले ओझ्याने आणि शिंगरू मेले हेलपाट्याने' ही म्हण घाटाखालच्या माणसाला समजावून द्यावी लागत नाही. आज तांडे नाहीत. पण शुक्रवारी रात्री मुंबईहून निघून शनिवारी पहाटे गावात उतरणारा आणि रविवारी संध्याकाळी पुन्हा एस.टी.च्या रांगेत उभा राहणारा चाकरमानी पाहावा, त्याच्या खांद्यावरची तांदळाची पिशवी पाहावी, आणि त्याच्या बोटाला धरून पेंगणारे पोर पाहावे. शिंगरू कोण ते कळते.

मुलूख भाताचा. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली खाचरांत भात. त्यामुळे आमच्या बोलण्यात शिते फार सांडलेली असतात. 'शितावरून भाताची परीक्षा' आणि 'शिते तेथे भुते' ह्या दोन म्हणींवर इथला सगळा व्यवहार चालतो. पहिली मुलगी पाहायला जाताना, दुसरी निवडणुकीच्या दिवसांत. 'उखळ पांढरे होणे' ह्याचा पुस्तकातला अर्थ 'पुष्कळ फायदा होणे' असा आहे. माझ्या सासूबाई तो असा सांगत: "ज्याच्या घरी बारमाही भात कांडायला असतं त्याचंच उखळ पांढरं राहतं. ज्याचं भात माघातच सरलं त्याच्या उखळाला काळा रंग नि आत कोळ्याचं जाळं." म्हणजे पुस्तकातल्या अर्थाला जी पोकळी आहे, ती त्या कोळ्याच्या जाळ्याने भरून निघते. अलीकडे एका मुलाने लिहिले, 'उखळ पांढरे होणे – हॉटेलच्या दारात ठेवणे.' महामार्गावरच्या एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी एक जुने उखळ मिळवले आहे आणि त्याला पांढरा ऑइल पेंट दिला आहे. मुलाने ते येता-जाता पाहिलेले. अर्थ चुकलाच होता, पण त्या हॉटेलवाल्याची भरभराट पाहता अगदीच चुकला असे म्हणवेना. मी अर्धा गुण दिला.

पावसाविषयीच्या म्हणी हा आमच्याकडचा खरा ठेवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस ज्या मुलखात पडतो, तिथली माणसे पावसाला नुसता 'पाऊस' कसे म्हणतील? त्याला नक्षत्रे आहेत, वय आहे, स्वभाव आहे. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.' उत्तरा नक्षत्र सप्टेंबरात, दाणा भरण्याच्या वेळी येते. तेव्हा पाऊस झाला तर भात एवढे पिकते की कुत्रेसुद्धा तोंड फिरवते. आणि ह्याच म्हणीची बहीण उलट बाजूने सांगते की उत्तरा न पडल्या तर पितरांनाही भात मिळणार नाही. पितृपंधरवडा त्याच सुमारास येतो, हे ज्याने म्हण रचली त्याच्या चांगले ध्यानात होते. मघा नक्षत्रावरचीही एक म्हण आहे. पाऊस एवढा की घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, असा तिचा भावार्थ. ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही. ज्यांना ठाऊक आहे ते एव्हाना हसलेच असतील, आणि ज्यांना नाही त्यांनी घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारावी, मुले झोपल्यावर.

माझी एक पुतणी आयर्लंडात, डब्लिनला परिचारिका आहे. पोलादपूर तालुक्यातल्या वाडीवरची पोर. तिथे गेल्यावर पहिल्या महिन्यातच तिचा फोन आला. "काकू, इथं इंग्रजी बोलतात असं सांगून मला फसवलं गं! शब्द सगळे ओळखीचे, पण बोलणं कळेल तर शपथ." एक म्हातारे रुग्ण सकाळी खिडकीबाहेरची भुरभुर पाहून तिला म्हणाले, 'सॉफ्ट डे, थँक गॉड.' मऊ दिवस आहे, देवाची कृपा. आपल्याकडे ज्याला बुरबुर म्हणतात, छत्री उघडावी तर लाज वाटते आणि न उघडावी तर पदर भिजतो, तसल्या पावसाच्या दिवसाला तिकडे मऊ दिवस म्हणतात. पुतणीला ते एवढे आवडले की आता ती आम्हांलाच फोनवर विचारते, "काय गं काकू, मऊ आहे का आज?" आमच्याकडे जुलैत मऊ कसला! तरीसुद्धा सप्टेंबरातल्या एखाद्या दिवशी, भात पोटरीला आलेले असताना, तो शब्द मी मनाशी वापरून पाहते. बसतो.

दुसऱ्यांदा ती चांगलीच घाबरली. एक आजीबाई तिला म्हणाल्या, 'युअर मॅन इथे येऊन गेला.' आमच्याकडे 'तिचा माणूस' म्हणजे तिचा नवरा; आणि हिचा नवरा तर त्या वेळी पोलादपूरला! मागाहून कळले की आयर्लंडात 'युअर मॅन' म्हणजे कोणीही एक बाबा, ज्याचे नाव घ्यायची गरज नाही असा. तसेच 'गिव्हिंग आउट' म्हणजे काही वाटणे नव्हे, तर कोणाला तरी फैलावर घेणे. आणि एखाद्याने जरा स्वर लांबवून 'आय विल, या' म्हटले, म्हणजे तो ते काम मुळीच करणार नाही असे समजावे. हे ऐकून मी तिला म्हटले, "ह्यासाठी एवढ्या लांब जायला नको होतंस. तुझ्या काकांना नारळ सोलायला सांग. 'करतो की!' म्हणतील."

उलट बोलून सुलट सांगायची ही रीत आपल्याकडे काय कमी आहे? बांगडी फुटली म्हणायचे नाही, 'वाढली' म्हणायचे. दुकान बंद करायचे नाही, 'वाढवायचे'. नारळ फोडायचा नाही, तोही 'वाढवायचा'. रात्री सापाचे नाव काढायचे नाही, 'जनावर' म्हणायचे. आणि उंबरठा ओलांडताना 'जाते' म्हणणाऱ्या सुनेला सासूने थांबवून 'येते' म्हणायला लावले नाही, असे एक तरी घर दाखवावे. पुतणी विमानतळावर आत शिरताना 'येते हं' म्हणाली. तिच्या आईने मान हलवली. त्या 'येते'चा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला मला कोणी सांगितले तर मला पूर्ण गुण मिळणार नाहीत.

ह्या आयरिश बोलण्याचे कोडे उलगडून सांगणारे एक पुस्तक आहे. ते लिहिणारा पॅट्रिक वेस्टन जॉइस हा माझ्यासारखाच शाळामास्तर. पुढे शिक्षकांचा शिक्षक झाला. 'इंग्लिश ॲज वुई स्पीक इट इन आयर्लंड' हे त्याचे पुस्तक १९१० साली निघाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, आयरिश माणूस बोलतो इंग्रजी, परंतु त्याच्या वाक्यांचा सांगाडा कित्येकदा जुन्या आयरिश भाषेचाच असतो. भाषा गेली, चाल राहिली. तिथल्या म्हणीही पाहा. आयरिश भाषेत म्हणतात, भूक हे चांगले कालवण. आपण म्हणतो, 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा.' मला विचाराल तर आपली म्हण अधिक खरी आहे, कारण तीत झोपेचीही सोय आहे. पण १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात ज्या देशातली सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याने भुकेला कालवण म्हणावे, ह्यापुढे मी वाद घालणार नाही.

त्याच देशात एकोणिसाव्या शतकात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या गळ्यात लाकडाची एक कांडी अडकवीत. मूल आयरिश बोलले की कांडीवर एक खाच पाडायची, आणि खाचा मोजून तितका मार द्यायचा. हे वाचल्यापासून वर्गात कोणी 'आलं नाय बाई' म्हणाले की मला ती कांडी दिसते. आमच्या मुलांच्या तोंडी 'हाय' आणि 'नाय' आहे, 'व्हय' आहे, 'काय गो' आहे. ग्रियर्सनसाहेबाने १९०५ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात कोकणातल्या बोलींचे नमुने छापले. त्यांत संगमेश्वरी आहे, आणि आमच्याच खाडीच्या मुखाशी असलेल्या बाणकोटच्या नावाची बाणकोटीही आहे. त्या साहेबाने ज्या बोलीची नोंद करण्याजोगी किंमत केली, तिला आपण 'अशुद्ध' म्हणून मोकळे होतो. माझ्या वर्गात नियम साधा आहे. वहीत 'नाही', तोंडात 'नाय'. दोन्ही आली पाहिजेत.

ह्यावरून एका वरिष्ठांशी माझी जुंपली होती. नाव-हुद्दा सांगत नाही. दिवाळीचे दिवस आहेत. ते वह्या पाहायला आले असता एका वहीपाशी थांबले. प्रश्न होता 'पाणी भरणे'. पुस्तकातला अर्थ, एखाद्याच्या तुलनेने कमी ठरणे, त्याच्यापुढे फिके पडणे. बाजारपेठेतल्या एका मुलीने लिहिले होते: 'पाणी भरणे – गावात नदी येणे. २०२१ साली आमच्या दुकानात पाणी भरले तेव्हा बाबांनी वह्यांचा गठ्ठा माळ्यावर टाकला, पण बाबांना साखर वाचवता आली नाही.' त्यापुढे मी पूर्ण गुण दिले होते. "हे कसे काय?" वरिष्ठ म्हणाले. मी म्हटले, "साहेब, महाडात ह्या दोन शब्दांचा हाच अर्थ आहे." त्यांनी पुस्तक उघडून दाखवले. मी खिडकी उघडून दाखवली. शाळेच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून होती, साहेबांच्या डोक्याच्या बरीच वर. ते काही बोलले नाहीत, पण शेऱ्याच्या वहीत 'पाठ्यपुस्तकाबाहेरचे अर्थ देऊ नयेत' असे लिहून गेले. शेरा अजून आहे. गुणही तसेच आहेत.

२००५ साली २५ आणि २६ जुलैला, आणि पुन्हा २०२१ साली २२ जुलैला महाड बुडाले. दोन्ही वेळा सूर्य पुष्य नक्षत्रात होता. म्हणजे म्हातारा पाऊस. तरुण पावसाचा जोर आणि म्हाताऱ्या पावसाची चिकाटी असे जुनी माणसे म्हणत, त्यातली चिकाटी आम्ही पाहिली. २००५ साली जुई, दासगाव, कोंडिवते ह्या गावांवर दरडी आल्या. २०२१ च्या त्या २२ जुलैला संध्याकाळी तळीये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली.

त्या वर्षी शाळा पुन्हा भरल्या तेव्हा मराठीच्या पुस्तकात एके ठिकाणी 'दुरून डोंगर साजरे' होते. म्हणीचा अर्थ: लांबून चांगली दिसणारी गोष्ट जवळ गेल्यावर तशी नसते. मी फळ्याकडे वळले आणि खडू हातात तसाच राहिला. वर्गात डोंगराखालच्या वाड्यांची मुले होती. त्यांच्यापैकी कित्येकांची घरे तेव्हा 'धोक्याची' ठरून आईबाप नातेवाइकांकडे राहत होते. शहरातल्या माणसाला ती म्हण कल्पनेतली आहे. त्याने डोंगर सहलीला गेल्यावरच पाहिलेला असतो. ह्या मुलांनी डोंगराच्या पायाशी जन्म काढलेला. एक मुलगा आपणहून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमची आज्जी सांगते, डोंगर आपला बापूस हाय. पण आता पाऊस लागला की ती रात्रीची बसूनच राहते." मी म्हण फळ्यावर लिहिली नाही. मुलांना सांगितले, ही म्हण तुम्हांला येते, पुढे चला.

आता जरा पोलादपूरला येऊ. 'गड आला पण सिंह गेला' ही अवघ्या महाराष्ट्राची म्हण. मोठे यश मिळाले पण मोलाचे माणूस गेले, असा अर्थ. परीक्षेच्या निकालावर, क्रिकेटच्या सामन्यावर, निवडणुकीवर ती खुशाल वापरतात. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंडाणा सर झाला आणि तानाजी मालुसरे पडले. त्यांची समाधी पोलादपूर तालुक्यात उमरठला आहे. कोंडाण्याहून त्यांचा देह ज्या घाटाने खाली आणला, त्याला मढेघाट नाव पडले, असे सांगतात. म्हणजे इतरांकडे ज्या बातमीचा वाक्प्रचार झाला, ती बातमी आमच्याकडे खांद्यावरून आली. उमरठच्या बाजूच्या मुलांना मी ह्या म्हणीचे वाक्य करायला सांगते तेव्हा ती निवडणूक किंवा क्रिकेट लिहीत नाहीत. ती गोष्टच लिहितात, अगदी शेलारमामांपासून, आणि पान पुरत नाही. एका वाक्यात लिहा असे मी सांगत नाही.

आणि ह्याच महाडात चवदार तळे आहे. नगरपालिकेने १९२४ साली ठरावाने सर्वांना खुले केलेले, तरी अस्पृश्यांना बंद असलेले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला इथेच मनुस्मृती जाळण्यात आली. आणि तळ्याच्या पाण्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात संपला. 'पाण्यात पाहणे', 'पाणी दाखवणे', 'पाणी जोखणे' हे वाक्प्रचार इथे शिकवताना मनात काही हलले नाही, तर शिकवणाऱ्याने दुसरे काही काम पाहावे.

कारण म्हणींचा एक हिशेब अजून चुकता व्हायचा आहे. मॅन्वेरिंग नावाच्या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचा मोठा संग्रह इंग्रजी अर्थांसह छापला. पुढे दाते आणि कर्वे ह्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश दोन भागांत सिद्ध केला. ही अपार मेहनतीची कामे आहेत. पण असा कोणताही कोश उघडा, जातींना हिणवणाऱ्या आणि सुनेला, विधवेला, मुलीला हिणवणाऱ्या म्हणी जागोजाग भेटतात. 'लोकांचे शहाणपण' असे म्हणींना म्हणतात. कोणत्या लोकांचे, हे विचारायचे राहून जाते.

मी मुलांना घरून म्हणी गोळा करून आणायला सांगते. माझी दोन जाड रजिस्टरे त्यांनी भरली आहेत. एकदा एका मुलीने ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकातून काही म्हणी उतरून आणल्या. तास संपल्यावर ती टेबलापाशी रेंगाळली. एका म्हणीवर बोट ठेवून म्हणाली, "बाई, ही आमच्यावर हाय का?"

मी म्हटले, "होय."

"अजून बोलतात?"

"तोंडावर बोलत नाहीत."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मी तिला विचारले, "रजिस्टरात घालू की नको? तू सांगशील तसं."

सातवीतली पोर. तिने आपल्याच वहीकडे पाहिले आणि म्हणाली, "घाला. पण कोण बोलायचं नि कुणाला, तेपण लिवा."

तेव्हापासून माझ्या रजिस्टरात अर्थाच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: कोण, कोणाला. तो भरताना फार वेळ जातो. कित्येक साध्या वाटणाऱ्या म्हणी त्या रकान्यात आल्या की चेहरा बदलतात. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' हे सोनुबाई कधीच म्हणत नाही. ते म्हणणारीच्या हातात सोन्याचा वाळा असतो. वर्गात काय शिकवायचे हे मी ह्या रकान्यावरून ठरवते. ज्या म्हणीने वर्गातल्या एकालाही खाली पाहावे लागेल ती रजिस्टरात राहते, फळ्यावर येत नाही. कोणी म्हणेल, ही भाषेची कापाकापी झाली. होऊ दे. शेतात राब भाजतात तोही पुढचे रोप चांगले यावे म्हणूनच.

नव्या म्हणीही जन्मत आहेत, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. त्या पुस्तकात यायला पन्नास वर्षे लागतील. आमच्या डोंगरातल्या वाड्यांवर मोबाईल आहेत, पण त्यांना रेंज नाही. फोन लावायचा तर टेकाडावर चढायचे, नाहीतर एखाद्या ठरावीक झाडाखाली उभे राहायचे. त्यामुळे 'रेंज' हा शब्द मुलांच्या बोलण्यात मुरला आहे. गणिताच्या तासाला डोळे मिटू लागलेल्या मुलाला शेजारचा कोपराने ढोसतो, "रेंजमधी ये." मुंबईला गेलेला भाऊ घरी पैसे पाठवीनासा झाला की "तो रेंजच्या बाहेर गेला." दाते-कर्व्यांना हे ऐकायला मिळायला हवे होते.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतला मुलगा माझ्या वर्गात आहे. त्याची पणजी नव्वदीच्या पुढची. वाडीत आता मोजकीच घरे उघडी असतात, बाकीची गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. ह्या मुलाने आणलेल्या म्हणींतल्या काही कोणत्याच कोशात मला सापडल्या नाहीत, आणि दोन-चारांचा अर्थ त्यालाही सांगता येईना. मी म्हटले, "मीच येते तुझ्या पणजीला विचारायला. संध्याकाळी चालेल का?"

"संध्याकाळी नको बाई," तो म्हणाला. "सकाळचं या. दुपारनंतर तिची रेंज जाते."

शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून मी रविवारची पहिली एस.टी. धरते. रजिस्टर पिशवीत असते, आणि पणजीला आवडतात म्हणून पावशेर खारे शेंगदाणे, कुटून नेलेले.